एकच शेड, एकच खाद्य, तरी एकाच बाजूची पिल्लं लंगडी. गडबड अंड्यातच झाली असेल का?

खुराडेकर (धागाकर्ता)

मंडळी, एक कोडं पडलंय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

माझ्या शेडच्या मधोमध जाळी आहे. मागच्या लॉटला जाळीच्या दोन्ही बाजूंना एकाच दिवशी पिल्लं सोडली. जात तीच, हॅचरी तीच. खाद्य एकाच गाडीतून उतरलेलं, पाणी एकाच टाकीचं, लिटर (जमिनीवर अंथरायचा भुसा) एकाच दुपारी पसरलेलं. चौथा आठवडा संपेपर्यंत सगळं सुरळीत. मग डावीकडे लंगडे पक्षी दिसायला लागले. उजवीकडे अगदी तुरळक, डावीकडे मात्र रोज सकाळी दोन-तीन नवे.

त्यातल्या एकाकडे मी बराच वेळ बघत बसलो होतो. छाती भरलेली, डोळे टवटवीत, तुरा लाल. आजारी म्हणावं असं काही नाही. खाद्याच्या भांड्यापासून चार हातांवर बसला होता. उठला, दोन पावलं टाकली, डावा पाय आत वळला, पंख जमिनीला टेकवून तोल सावरला आणि परत बसला. एवढंसं अंतर कापायला त्याला पाच वेळा बसावं लागलं. भांड्याशी पोचला तोवर बाकीच्यांनी जागा अडवलेली. भूक आहे, खाद्य समोर आहे आणि पायच साथ देत नाहीत, हे बघवत नाही हो.

पिल्लं घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरकडून नंतर कळलं की डावीकडची पिल्लं अंडी उबवायच्या जुन्या मशीनमधली होती, उजवीकडची नव्या. हॅचरीत फोन लावला तर उत्तर आलं, "आमच्याकडून निघाली तेव्हा सगळी पायावर उभी होती." होती ना, मी कुठे नाही म्हणतोय?

प्रश्न एवढाच: अंड्यात २१ दिवसांत जे होतं ते पाचव्या आठवड्यात पायात उतरू शकतं का? की मी उगाच हॅचरीच्या नावाने खडे फोडतोय?

शंकासुर

खडेच फोडताय, असं माझं मत. राग मानू नका.

ब्रॉयलरच्या (मांसासाठी वाढवलेल्या कोंबडीच्या) पायांची वाट लागायला पुरेशी कारणं शेडमध्येच असतात. ब्रिटनमध्ये १७६ कळपांतल्या ५१ हजार पक्ष्यांची चाल तपासली होती, २००८ साली त्याचा निबंध आला. सरासरी ४० दिवसांच्या वयाला २७.६ टक्के पक्षी नीट चालत नव्हते आणि ३.३ टक्क्यांना जवळजवळ चालताच येत नव्हतं. ठळक कारणं काय निघाली? वय, जात, दाटी, अंधाराचे तास कमी असणं, खाद्याचं स्वरूप. पिल्लू कोणत्या मशीनमधून आलं याची कुणी फारशी चर्चा केली नाही.

तुमच्या डाव्या बाजूला ऊन कुठून येतं, पंखा कुठे आहे, पाणी प्यायच्या निपलची उंची तीच आहे का, हे आधी सांगा.

लगोरी

माझा या धंद्याशी काडीचा संबंध नाही, पण शीर्षक वाचून आले आणि आता अडकले. वाचतेय.

पहाटपाळी

मी हॅचरीत रात्रपाळी करतो. तुमच्या हॅचरीत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

खुराडेकर, "जुनं मशीन" हे दोन शब्द वाचले आणि हसू आलं. ते मशीन मल्टी-स्टेज असणार, पैज लावतो. समजा ते तसंच आहे. त्यात एका वेळी वेगवेगळ्या वयाची अंडी असतात. आठवड्यातून एकदा-दोनदा नवी ट्रॉली आत जाते आणि १८ दिवसांची बाहेर येऊन हॅचरमध्ये, म्हणजे पिल्लं फुटायच्या वेगळ्या मशीनमध्ये, जाते. मशीनचं तापमान मात्र एकच, साधारण ९९.५ फॅरनहाइट. त्यातली गोम अशी की अंडं सुरुवातीला हवेकडून ऊब घेतं. नवव्या-दहाव्या दिवसाच्या आसपास पारडं फिरतं. गर्भ मोठा होतो आणि स्वतःच उष्णता टाकायला लागतो. मोठ्या अंड्यांत तर भट्टी अजूनच पेटते म्हणा ना. म्हणून मल्टी-स्टेजमध्ये जुन्या अंड्यांच्या उबेवर नवी अंडी तापवायची, असा हिशोब असतो. कागदावर छान. प्रत्यक्षात नव्या अंड्याला सुरुवातीला जरा कमी ऊब मिळते आणि शेवटच्या आठवड्यात तेच अंडं उकडून निघतं.

सिंगल-स्टेजमध्ये सगळी अंडी एका वयाची, त्यामुळे दिवसागणिक तापमान उतरवत नेता येतं.

आता खरी मेख. मशीनच्या पडद्यावरचा आकडा हवेचा असतो. गर्भ हवेत राहत नाही, अंड्यात राहतो. बघायचं ते कवचाचं तापमान, आणि ते १०० फॅरनहाइट म्हणजे ३७.८ सेल्सिअसच्या आसपास हवं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. १०२ च्या वर (३८.९) गेलं की त्याची किंमत मोजावी लागते. आम्ही कानात घालून ताप बघायचं इन्फ्रारेड थर्मामीटर वापरतो. ते अंड्याच्या कमरेवर टेकवायचं, हवेच्या पोकळीच्या टोकावर नाही, कारण तिथे आकडा कमी येतो. वांझ अंडं हाताला लागलं तर तेही सोडायचं, ते थंडच असतं आणि सरासरी खोटी करतं.

पहाटे तीनला मागच्या ट्रॉलीच्या मधल्या ट्रेवर हे थर्मामीटर टेकवून बघा. पडद्यावर ९९.५ आणि हातात १०२. सांगायला गेलं तर साहेब म्हणतात, "मशीन तर बरोबर दाखवतंय."

शंकासुर

बरं, अंडं तापलं. म्हणून ३५ दिवसांनी पाय वाकडा? मधला दुवा कुठे आहे?

पीएचडीग्रस्त

दुवा आहे. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा. (माझं काम गर्भाच्या हाडांवर आहे, म्हणून हे आयडी.)

पायाचं हाड पिल्लू चालायला लागल्यावर बनत नाही. आधी कूर्चेचा साचा तयार होतो, मग सातव्या-आठव्या दिवसाच्या सुमारास टिबियाच्या (गुडघ्याखालच्या हाडाच्या) मध्यावर हाडाची पहिली कडा दिसते. तिथून दोन्ही टोकांकडे काम सुरू. सुरुवातीला लागणारी खनिजं बलकातून येतात. दुसऱ्या आठवड्यात कवचाला आतून चिकटलेलं रक्तवाहिन्यांचं पटल कवचातलं कॅल्शियम ओढून गर्भाला पुरवायला लागतं. म्हणजे ज्या भिंतींच्या आत राहायचं त्याच भिंती खरवडून हाडं बांधायची. कॅल्शियमची ददात नाही, पण फॉस्फरस, जस्त, तांबं, मँगनीज यांचा साठा बलकातच, आणि १७ व्या दिवसापर्यंत तो बराचसा संपलेला असतो. नेमकं शेवटच्या दिवसांत, हाड सगळ्यात जोरात वाढत असताना, हात तोकडे.

आता या वेळी कवच तापलं तर काय? गर्भाचा चयापचय वाढतो, प्राणवायूची मागणी वाढते. कवचाची छिद्रं मात्र तेवढीच. मागणी वाढली, पुरवठा जागच्या जागी. मग गर्भ ग्लायकोजेन जाळतो, बलक नीट शोषला जात नाही, हृदय लहान राहतं, वाढीच्या संप्रेरकांची घडी बिघडते. पिल्लू दिसायला जड असतं, पण त्यातलं बरंचसं वजन पोटात राहिलेल्या बलकाचं. बलक वगळून तोलला तर जीव हलका.

यावर प्रयोग बरेच झालेत. नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीत एडगर ओव्हिएडो-रोंडोन यांच्या गटाने वर्षानुवर्षं हेच केलं. तापमान आणि प्राणवायू बदलून अंडी उबवायची, पिल्लं वाढवायची, पाय मोजायचे. त्यात "आधी थंड, मग तापलेलं" ही जोडगोळी पायांना बाधते असं दिसलं. पहाटपाळी वर जे मल्टी-स्टेजबद्दल म्हणाले, बरोबर तेच. तुर्कस्तानात एगे विद्यापीठातही गर्भाला ठरावीक दिवशी थंड किंवा गरम करून दोन्ही पायांच्या हाडांतला फरक मोजला गेला. नेदरलँड्समधल्या वागेनिंगनच्या गटानेही कवचाचं तापमान धरून पिल्लांची हाडं मोजली.

दोन्ही पायांतला फरक का मोजतात? डावं आणि उजवं हाड एकाच नकाशावरून बांधलं जातं. बांधकाम चालू असताना हादरे बसले की दोन्हींत किंचित फरक राहतो. त्याला सापेक्ष असममिती म्हणतात. लहान वयात तो फरक डोळ्याला दिसत नाही, व्हर्नियरलाच कळतो.

शंकासुर

हे पटण्यासारखं आहे, म्हणजे मला पटायला लागलंय, ते मला आवडत नाही :)

तरी एक प्रश्न राहतो. पिल्लू ४० ग्रॅमचं येतं आणि ३५ दिवसांत दोन किलोच्या वर जातं. पन्नास पट! एवढ्या वाढीत अंड्यातला अर्धा मिलिमीटर धुऊन निघत नाही?

पीएचडीग्रस्त

कधी निघतो, हे कबूल करतो. काही प्रयोगांत पहिल्या दिवशी दिसलेला हाडाच्या लांबीतला फरक विक्रीच्या वयापर्यंत उरत नाही. म्हणूनच नुसती लांबी बघून भागत नाही. वाढीची चकती, म्हणजे हाडाच्या टोकाजवळचा कूर्चेचा थर, तिची शिस्त बिघडली की पुढची पन्नास पट वाढ त्याच बिघडलेल्या चकतीवर होते. कूर्चेच्या पेशींनी ठरल्या क्रमाने वाढायचं, फुगायचं, मरायचं, मग रक्तवाहिन्या आत शिरणार आणि हाड बनणार. हा क्रम अडला तर कूर्चेचा गोळा तसाच साचत जातो.

तुमचा आकडाच उलटा वाचा की. पन्नास पट वाढ दोष धुऊनही काढेल, मोठाही करेल. कोणता दोष आहे यावर ते ठरतं.

पशुवैद्य

उशिरा आलो. चर्चा उत्तम चालली आहे, पण सगळे "लंगडा" हा एक आजार धरून बोलताय. खुराडेकर, तुम्ही एकही पक्षी कापून बघितला का?

लंगडेपणाची कारणं डझनभर. मँगनीज किंवा कोलीन कमी पडलं की हॉकवरून (पायाच्या मधल्या सांध्यावरून) स्नायूचा दोर सरकतो आणि पाय बाजूला फेकला जातो. ड जीवनसत्त्व किंवा फॉस्फरसचा घोळ झाला तर मुडदूस. चोच रबरासारखी वाकते, हाड मोडण्याऐवजी वळतं. मणका सरकला तर पक्षी ढुंगणावर बसून पाय पुढे पसरतो. यांत हॅचरीला पकडण्यात अर्थ नाही.

दोन गोष्टी मात्र बघाच.

पहिली, टिबियाचं वरचं टोक. गुडघ्याखालचं हाड स्वच्छ करून धारदार सुरीने उभं चिरा. निरोगी पक्ष्यात चकतीची पातळ, सरळ रेघ दिसते. तिच्या खाली पांढरा, चिवट, त्रिकोणी गोळा उतरलेला दिसला तर तो टिबियल डिसकाँड्रोप्लाझिया. वर पीएचडीग्रस्त ज्या साचलेल्या कूर्चेबद्दल बोलले तो हाच. जातिवंत कळपांत तो एक्स-रे घेऊन निवडून कमी केला जातो, तरी पूर्ण गेलेला नाही. उबवणीशी संबंध लावायचा तर पहिला संशयित हा.

दुसरी, मांडीच्या हाडाचं डोकं. पाय खुब्यातून हळूच निखळवा. डोक्यावरची कूर्चेची टोपी सोलून खुब्यातच राहिली तर रोगाची सुरुवात आहे. खाली काळपट, भुसभुशीत, बोटाने चुरणारं दिसलं तर तिथे जंतू पोचलेत. लवकर वजन आल्यावर कच्च्या कूर्चेत बारीक चिरा पडतात आणि रक्तातून फिरणारे जंतू तिथे ठाण मांडतात. स्टॅफिलोकोकस, ई. कोलाय, एन्टरोकोकस सिकोरम ही नेहमीची नावं. इथे हॅचरीचा हात दुहेरी असतो: हाड कच्चं राहिलं तर चिरा, आणि नाळ नीट मिटली नाही तर जंतूंना उघडं दार. तापलेल्या अंड्यातून आलेल्या पिल्लाची नाळ नीट मिटत नाही, हे मी स्वतः शेकड्यांनी पाहिलंय.

कापल्याशिवाय निदान नको. चाल बघून हॅचरीला शिव्या देणं म्हणजे सावली बघून माणूस ओळखणं.

खुराडेकर

डॉक्टरसाहेब, खरंच कापला नव्हता. आज संध्याकाळी बसतो सुरी घेऊन.

शंकासुर, डावीकडच्या भिंतीला दुपारचं ऊन लागतं, हे तुमचं बरोबर निघालं. निपलची उंची मात्र तीच आहे.

लगोरी

एक बावळट प्रश्न विचारू का? मशीनमध्ये अंधार असतो ना? कोंबडी अंड्यावर बसते तेव्हा उठते, चरायला जाते, परत येते. म्हणजे अंड्यावर उजेड पडतोच. त्याचा काही संबंध?

पीएचडीग्रस्त

लगोरीताई, हा प्रश्न बावळट असेल तर वागेनिंगनचा अख्खा एक प्रबंध बावळट ठरेल. हेच तपासलंय त्यांनी. अंड्यांना २४ तास उजेड, २४ तास अंधार आणि १२ तास उजेड-१२ तास अंधार असे गट केले. सतत उजेड पायांच्या हाडांना मानवला नाही. दिवस-रात्र असलेल्या गटाची हाडं त्याहून बरी निघाली. गर्भाला कवचाच्या आतसुद्धा दिवस-रात्र कळते, मेलाटोनिन त्या तालावर चालतं. बहुतेक सेटर (पहिले १८ दिवस उबवायची मशीन) अंधारात चालतात, त्यामुळे इथे सुधारणेला जागा आहे.

लगोरी

आईशप्पथ. अंड्यातल्या पिल्लालाही झोपेची वेळ हवी. वाचनखूण साठवली.

पहाटपाळी

डॉक्टरांनी नाळेचं काढलं म्हणून एक प्रसंग सांगतो. जिथे घडलं त्या जागेचं नाव विचारू नका.

एका रात्री सेटरच्या पंख्याचा पट्टा सैल झाला. तुटला असता तर अलार्म वाजला असता, पण तो नुसता सैल झाला. पंखा फिरत होता, हवा मागच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नव्हती. सेन्सर पुढे. पडदा दोन दिवस ९९.५ म्हणत राहिला. मागच्या ट्रॉलीत सतरा दिवसांची अंडी होती.

तिसऱ्या दिवशी ती ट्रॉली हॅचरमध्ये गेली आणि बाकीच्यांच्या कितीतरी आधी फुटायला लागली. ट्रे ओढला तर पिल्लं चोची उघडून धापा टाकताहेत. पिसं पिवळी नाहीत, पांढुरकी. बलकातला रंग अंगात उतरलाच नव्हता. नाळेवर काळी गुंडी. आणि हॉक लाल, चोळल्यासारखे. कवच फोडताना पिल्लू हॉक टेकवून जोर लावतं. दमलेलं पिल्लू जास्त वेळ जोर लावतं आणि कातडी सोलवटते. एक पिल्लू पट्टीवर ठेवलं, चोचीच्या टोकापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. पुढच्या ट्रॉलीतल्या पिल्लाजवळ धरलं तर फरक बोटाच्या पेराएवढा होता. काट्यावर वजन सारखंच.

मोजून-मापून ग्रेडिंग झालं, उभी होती ती सगळी डब्यात गेली. कुठल्या शेडवर गेली मला माहीत नाही. पण "निघाली तेव्हा उभी होती" हे वाक्य मी त्या दिवशी आमच्या ऑफिसातही ऐकलं होतं.

अवांतर: डब्यात किंवा ब्रूडिंगला गुळगुळीत कागद घातला तर पहिल्याच दिवशी पाय फाकतात. तो दोष उबवणीच्या माथी मारू नका.

तीन_पिढ्या

आमच्या घरात तीन पिढ्या हेच काम. दोन गोष्टी राहिल्यात.

अंड्याचं वजन १८ व्या दिवसापर्यंत साधारण ११-१२ टक्के घटायला हवं. मशीनमध्ये ओलावा जास्त झाला की घट होत नाही, पिल्लू फुगलेलं, पोट सुटलेलं, कवचात अंग हलवायला जागा नाही. लाल हॉक तिथूनही येतात. अंडी फिरवणं म्हणजे तासाला एकदा, ४५ अंशांपर्यंत दोन्हीकडे. पहिल्या आठवड्यात त्यात हयगय झाली तर पुढे भरून निघत नाही.

दुसरं, आणि याला कुणी हात घातला नाही: अंडी कोणत्या वयाच्या कोंबड्यांची होती? म्हाताऱ्या ब्रीडर कळपाची अंडी मोठी असतात. मोठा गर्भ, जास्त उष्णता, आणि ट्रेमध्ये अंड्यांच्या मधून हवेला वाट कमी. तरण्या कळपाच्या अंड्यांना जे तापमान बरोबर, तेच या अंड्यांना शेवटी शेवटी जास्त होतं.

शंकासुर

अरे वा, तीन_पिढ्या यांनी माझ्या हातात कोलीत दिलं.

म्हणजे मशीन वेगळं आणि कदाचित कळपही वेगळा. त्यात भर म्हणून डावीकडे उन्हाची भिंत. तीन फरक एकाच जाळीच्या एकाच बाजूला. खुराडेकर, यावरून मशीन दोषी ठरवता येत नाही. भिंतही नाही ठरवता येत, हे माझ्या मूळ मताविरुद्ध जातं, तरी लिहितो.

पुढच्या लॉटला एक करा: बाजू बदला. जुन्या मशीनची पिल्लं उजवीकडे सोडा. लंगडेपणा पिल्लांच्या मागे गेला तर पिल्लात दोष, जागेवर राहिला तर जागेत. शक्य असेल तर दोन्ही मशीनची अंडी एकाच कळपाची मागून घ्या. आणि चाल नुसती "बरी-वाईट" लिहू नका. ० ते ५ असा गेट स्कोअर (चालीचे गुण) आहे, ब्रिस्टलच्या लोकांनी १९९२ मध्ये मांडलेला. ० म्हणजे चाल निर्दोष, ५ म्हणजे उभंच राहता येत नाही, ३ पासून काळजी. प्रत्येक बाजूचे ठरावीक पक्षी जाळीने वेगळे काढून गुण द्या. समोर येईल तो पक्षी निवडलात तर चालणारेच समोर येतील.

पशुवैद्य

शंकासुरांशी सहमत, हे पहिल्यांदाच घडतंय.

चालीला गुण देताना हात थरथरत असेल तर अजून एक चाचणी आहे. टबात बोटभर, साधारण ३ सेंटीमीटर कोमट पाणी घ्या आणि पक्षी त्यात उभा करा. कोंबडीला पाण्यात बसायला आवडत नाही. पाय चांगले असले तर बराच वेळ उभी राहते. पाय दुखत असले की काही सेकंदांत बूड टेकते. घड्याळ लावा, तुमचं मत आड येणार नाही.

खुराडेकर

काल सुरी घेऊन बसलो. दोन्ही बाजूंचे सहा-सहा लंगडे पक्षी. (उजवीकडे सहा जमवायला दोन दिवस थांबावं लागलं.)

डावीकडच्या सहांपैकी चौघांच्या टिबियात डॉक्टरांनी सांगितला तसा पांढरा गोळा. एकाचा तर अंगठ्याच्या पेराएवढा, सुरी त्यात शिरताना ओल्या खडूत शिरल्यासारखी वाटली. उजवीकडे एकातच, तोही लहान. मांडीच्या डोक्याची टोपी डावीकडे एकाची, उजवीकडे दोघांची सोलली. चोच कुणाचीच वाकली नाही, म्हणजे खाद्यावरचा संशय मी तूर्त बाजूला ठेवतोय.

हॅचरीच्या मॅनेजरना भेटलो. या वेळी भांडायला गेलो नव्हतो. अंड्यांचा कळप विचारला. जुन्या मशीनमध्ये जुन्या कळपाचीच अंडी होती. तीन_पिढ्या, पायलागू!

त्यांना विचारलं, कवचाचं तापमान मोजता का? म्हणाले, हवेचं मोजतो, पडद्यावर सगळं दिसतं. मी खिशातून थर्मामीटर काढलं. सुरुवातीला कुरकुरले, मग स्वतःच आत घेऊन गेले. पुढच्या ट्रॉलीवर, १६ व्या दिवसाच्या अंड्यांवर, १००.६. मागच्या कोपऱ्यात त्याच वयाच्या अंड्यांवर १०२.३. ते दोनदा मोजायला लागले, मग तिसऱ्यांदा स्वतःच्या हाताने मोजलं. काही बोलले नाहीत. ऑपरेटरला हाक मारून पंख्याचा पट्टा दाखवायला सांगितला.

पहाटपाळी

पट्टा!! मी काय म्हणत होतो.

पीएचडीग्रस्त

सहा पक्ष्यांवरून शास्त्र लिहायचं नाही, हे शंकासुर म्हणण्याआधी मीच म्हणतो. पण चाराच्या विरुद्ध एक, आणि गोळ्याचा आकार, हे पुढे मोजत राहण्याइतकं नक्कीच आहे. पुढच्या वेळी न लंगडणारेही पक्षी कापा, दोन्ही बाजूंचे. गोळा असूनही नीट चालणारे पक्षी सापडतात. फक्त लंगडे कापले तर अर्धीच गोष्ट कळते.

आणि पिल्लं आली की डब्यातच दहा-बारा पिल्लांच्या गुदद्वारात थर्मामीटर लावून बघा. १०४-१०५ फॅरनहाइट हवं. हॉक लाल आहेत का, नाळेवर गुंडी आहे का, लांबी किती, हेही लिहा. पहिल्या दिवसाची नोंद नसली तर पाचव्या आठवड्यात सगळे पुन्हा एकमेकांकडे बोट दाखवतील.

खुराडेकर

पुढचा लॉट बुधवारी येतोय. मॅनेजर दोन्ही मशीनमध्ये एकाच कळपाची अंडी लावायला तयार झाले होते, तशी लावलीही आहेत. जुन्या मशीनची पिल्लं या वेळी उजवीकडे. वहीत रकाने आखले: मशीन, बाजू, गुदद्वाराचं तापमान, लांबी, हॉक, नाळ, २८ व्या आणि ३५ व्या दिवसाचा गेट स्कोअर, पाण्यात उभं राहिल्याचे सेकंद, कापल्यावर गोळा.

शंकासुर

वजनाचा रकाना राहिला. जड बाजू जास्त लंगडली तर मी परत येणार आहे.

खुराडेकर

आखला.